सिऊ लानच्या डोक्यातली तिजोरी

तिंग हुआत सिओंगनं आयुष्यात दोनच मोठे निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतले. पहिला लग्नाचा, असं तो सांगायचा (सिऊ लानच्या मते तोही तिनंच घेतला होता). दुसरा, चोवीस शब्द लिहिलेला एक कागद जाळून टाकण्याचा. तो मात्र शंभर टक्के त्याचाच.

मलेशियातल्या सितियावानच्या पामतेल गिरणीत वजनकाट्यावर चौतीस वर्षं कारकुनी करून हुआत सिओंग निवृत्त झाला. चौतीस वर्षं ट्रक तोललेल्या माणसाला घरी तोलायला काही उरलं नाही, की तो बायकोला तोलू लागतो. भातात पाणी किती, भाजीला तेल किती, यावर त्याची मतं यायला लागली. चौथ्या दिवशी सिऊ लान म्हणाली, "म्हाताऱ्या, काहीतरी उद्योग शोध. नाहीतर मी शोधते, आणि तो तुला झेपणार नाही."

उद्योग शेजारच्या न्गूकडे तयारच होता. या न्गूनं पाकोळ्यांच्या घरट्यांचा (सुपासाठी ती महाग विकली जातात) धंदा करायला तीन मजली इमारत बांधली होती. पाकोळ्या आल्या, इमारत बघितली आणि पलीकडच्या माणसाच्या इमारतीत राहायला गेल्या. मग त्यानं तिथे बिटकॉइन कमावणारी यंत्रं मांडली. आता तीही तो विकत होता.

"इतकी चांगली आहेत तर विकतोस कशाला?" सिऊ लाननं विचारलं.

"वहिनी, सगळं मी एकट्यानंच कमवायचं का?" न्गू म्हणाला. एवढ्या उदार माणसावर संशय घेणं हुआत सिओंगला प्रशस्त वाटलं नाही. त्यानं दोन यंत्रं घेतली.

बुटांच्या खोक्याएवढी यंत्रं. दिवसरात्र आकडेमोड करायची आणि त्याचा मोबदला म्हणून नाण्याचा कणभर तुकडा मिळवायचा, एवढंच त्यांचं काम. पण ते काम ती अशा आवाजात करायची, की घरात विमान उतरतंय आणि उतरतच राहिलंय असं वाटावं. ती मागच्या स्वयंपाकघरात बसली. तिथे सिऊ लानच्या लाल तांदळाच्या दारूच्या बरण्या होत्या. आठवड्याभरात उष्णतेनं सगळी दारू आंबून सिरका झाली. मुलीच्या वाढदिवसाच्या शेवयांत त्या वर्षी तोच पडला. मुलगी हुई फेन इपोहहून मुद्दाम आली होती. एक घास खाऊन ती म्हणाली, "आई, छान झाल्यात," आणि पाणी पिऊन आली.

हुआत सिओंग मात्र खूश. फोनवर कमाईचा आकडा रोज वाढताना दिसायचा. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून तो कानात कापूस घालून यंत्रांपुढे स्टुलावर बसायचा आणि पंख्यांवरची धूळ ब्रशनं झाडायचा.

कमाई ठेवायला न्गूनं त्याला एक डिजिटल पाकीट दिलं, अंगठ्याएवढं. "याला सहा आकडी नंबर. तीनदा चुकलास की हे स्वतःला पुसून टाकतं. पण घाबरू नकोस, हे चोवीस इंग्रजी शब्द या क्रमानं नव्या पाकिटात घातलेस की सगळं परत येतं. हे शब्द म्हणजेच तुझे पैसे. फोनमध्ये ठेवू नकोस, चोरतात. कागदावर ठेवू नकोस, वाळवी खाते."

"मग ठेवू कुठे?"

"डोक्यात."

हुआत सिओंगचा स्वतःच्या डोक्यावर विश्वास नव्हता. याच डोक्यानं एकदा बाजारातून परतताना फणस आणला होता आणि बायकोला तिथेच विसरलं होतं. पण सिऊ लानचं डोकं वेगळं होतं. चर्चच्या गायकवृंदात ती बावीस वर्षं गात होती. चारशे भजनं, सगळी कडवी, वही न उघडता.

"चोवीस शब्द?" तिनं कागद हातात घेतला. "रिव्हर, अनियन, अंब्रेला... हे काय, दुकानाची यादी?"

"आपलं म्हातारपण आहे ते."

"म्हातारपणात कांदा आहे, म्हणजे रडायचंच आहे." तिनं कागद सिंकच्या वर टेकवला आणि सुगीच्या भजनाच्या चालीवर ते शब्द बसवले. चौथ्या दिवशी तिनं ते न अडखळता गाऊन दाखवले. हुआत सिओंगच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं अंगणात जाऊन कागद पेटवला, राख कुस्करली आणि कुंड्यांत टाकली. सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता!

सात महिने बरे गेले. मग एका मंगळवारी सकाळी तो नेहमीसारखा ब्रश घेऊन यंत्रांपुढे बसला. उठून चहासाठी पुढच्या स्वयंपाकघरात आला, तर सिऊ लान सिंकखाली कुशीवर पडली होती. नळ चालू होता. डोळे उघडे होते. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता, आणि डावा हात फरशीवर थापट्या मारत होता. किती वेळ मारत होता, कोण जाणे.

सरकारी इस्पितळात तरुण डॉक्टरनं विचारलं, "कधी पडल्या?"

हुआत सिओंगनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काका, नक्की वेळ हवी. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध ठरावीक वेळातच देता येतं. हाक मारली असेल त्यांनी, आवाज आला असेल काहीतरी."

"मी शेजारच्याच खोलीत होतो," तो म्हणाला. "कानात कापूस होता."

डॉक्टरनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग खाली काहीतरी लिहिलं. हुआत सिओंगचा हात आपोआप कानाकडे गेला. डाव्या कानात कापूस अजून होता.

सिऊ लान वाचली. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला. कुठून उरला, का उरला, डॉक्टरांनाही सांगता येईना.

"आई, दुखतंय का कुठे?" हुई फेन विचारायची.

"उद्या," सिऊ लान म्हणायची.

"पाणी देऊ?"

"उद्या."

"मी कोण, ओळखलंस ना?"

"उद्या," आणि डोळ्यांतून पाणी. म्हणजे ओळखलं होतं.

इपोहमध्ये व्यायाम आणि बोलण्याचे उपचार करणारं एक खाजगी केंद्र होतं. त्याचा खर्च ऐकून हुई फेननं पर्स मिटली. तेव्हा हुआत सिओंग खुर्चीतून उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपण उपयोगाचे आहोत असं वाटलं. "पैशांची काळजी करू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या बापानं सोय केलीय."

पाकीट घेऊन तो बाहेरच्या बाकावर बसला. नंबर सोपा होता, मुलीची जन्मतारीख. त्यानं ती दाबली. चूक. दिवस बदलून दाबली. चूक. मग वर्ष बदललं. पाकिटाच्या इवल्याशा पडद्यावर काहीतरी लुकलुकलं आणि तो कोरा झाला.

तो आत आला. "हुई फेन, तुझा वाढदिवस चौदाला ना?"

"सोळाला, पा."

"मागच्या वर्षी चौदाला केला ना आपण?"

"रविवार होता म्हणून केला." मग तिला त्याच्या हातातलं ते पाकीट दिसलं. "पा, काय केलंत?"

"काही नाही. घाबरू नकोस. चोवीस शब्द आहेत."

"कुठे आहेत?"

हुआत सिओंगनं पलंगाकडे बोट दाखवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं.

बोलण्याचे उपचार देणाऱ्या पुआन रोस्ना आठवड्यातून एकदा सरकारी इस्पितळातही यायच्या. त्यांनी सांगितलं, "बोलता न येणारे पुष्कळ पेशंट गाऊ शकतात. गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं. या काय गायच्या?"

बुडत्याला ओंडका दिसावा तसा हुआत सिओंगचा चेहरा झाला. त्यानं तिथल्या तिथे सुगीच्या भजनाची चाल धरली. सिऊ लानचे डोळे हलले. ओठ हलले. आणि मग तिच्या तोंडून स्पष्ट, सुरात भजन आलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. वॉर्डातली माणसं रडायला लागली. पुआन रोस्नांनी डोळे पुसले.

"हे नव्हे!" हुआत सिओंग ओरडला. "हे शब्द नव्हेत! ते दुसरे! कांद्याचे!"

सगळा वॉर्ड त्याच्याकडे वळला. सिऊ लान मध्येच थांबली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "उद्या."

दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. वही-पेन घेऊन यायचा, चाल धरायचा, ती देवाची स्तुती गायची, आणि हा वही मिटायचा. एक दिवस हुई फेननं त्याला बाहेर बोलावलं. आवाज चढवला नाही.

"पा, तुम्ही आईला भेटायला येता की बँकेत?"

"तिच्यासाठीच तर—"

"काल तिचा रुमाल खाली पडला होता. ती डाव्या हातानं दाखवत होती. तुम्ही वही उघडून बसला होतात. आता तर कानात कापूसही नव्हता."

हुआत सिओंग बाकावर बसला. मग घरी जाऊन त्यानं यंत्रांची बटणं बंद केली. घर इतकं शांत झालं, की नळाचा ठिबकणारा थेंब ऐकू आला. सात महिन्यांनी तो आवाज ऐकून हा माणूस सिंकला धरून लहान पोरासारखा रडला.

यंत्रं भंगारवाल्यानं किलोवर नेली. वजन हुआत सिओंगनंच केलं, आणि चोख केलं.

सिऊ लान घरी आली. खाजगी उपचार नव्हतेच. हुआत सिओंग तिला न्हाऊ घालायला शिकला, पेज भरवायला शिकला, वेणी घालायला शिकला (वेणी एका बाजूला जायची, ती डाव्या हातानं चाचपून "उद्या" म्हणायची, आणि त्यात किती शिव्या असायच्या ते त्यालाच कळायचं). भजनही रोज म्हणायचा, आता वहीशिवाय.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तो सिंकपाशी भांडी घासत ती चाल गुणगुणत होता. गळा त्याला नव्हताच. दुसऱ्या ओळीत तो असा काही घसरला, की मागच्या खुर्चीतून सिऊ लाननं वैतागून ओळ उचलली. भांड्यांचा आवाज, साबणाचा वास, तीच सिंक. आणि तिच्या तोंडून आलं, "रिव्हर, अनियन, अंब्रेला..."

हुआत सिओंग थिजला. मग कढईच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन त्यानं भिंतीवर लिहायला सुरुवात केली. चोवीसच्या चोवीस! तिला मिठी मारून त्यानं तिचं झंपर काळं केलं.

न्गूनं नवं पाकीट आणलं. शब्द घातले. पाकिटानं नाकारले. पुन्हा घातले. पुन्हा नाकारले.

"एखादा शब्द चुकलाय," न्गू म्हणाला. "एकूण दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची ठरलेली यादी असते. त्यातलाच कुठलातरी हवा, आणि कुठे ते माहीत नाही. शोध बसून." आणि तो घाईनं निघून गेला. त्यालाही आताशा या घरात बसवत नसे.

हुआत सिओंगनं यादी छापून आणली. रोज सकाळी पेज झाल्यावर तो तिच्यापुढे बसायचा आणि एकेक शब्द वाचायचा. चेहऱ्यावर ओळख दिसते का बघायचा. ती ऐकायची. दुसऱ्या आठवड्यात ती त्याच्यामागून शब्द म्हणायला लागली, मोडके, अर्धे. 'बी'च्या शब्दांत "बनाना" अख्खं आलं. 'सी'मध्ये तिनं "चिकन" म्हणून त्याच्या पेजेच्या वाडग्याकडे रागानं पाहिलं. पुआन रोस्ना तपासायला आल्या तेव्हा थक्क झाल्या. "इतकं तर आमच्या केंद्रातही होत नाही. कोणी शिकवलं तुम्हाला?" हुआत सिओंगनं खालमानेनं यादी घडी करून खिशात घातली.

'डी' संपला, 'ई' संपला. आता घरच्या फोचाऊ बोलीतले शब्दही येत होते: "ऊन", "पुरे", "मीठ नाही." उद्या हा शब्द ती आता उद्यासाठीच वापरायची.

'एच' अर्ध्यावर आला असेल. त्यानं वाचलं, "हजबंड."

सिऊ लान हसायला लागली. तोंडाची डावी बाजूच हसत होती, पण खांदे दोन्ही हलत होते. तिनं डावा हात उचलून भिंतीवरच्या काजळीकडे बोट केलं. सतरावा शब्द. तिथे लिहिलं होतं, "डाँकी".

हुआत सिओंगनं गाढव काढून तिथे नवरा घातला. पाकीट उघडलं.

आत एकशे ब्याण्णव रिंगिट होते. फोनवर रोज वाढणारा आकडा म्हणजे, अनेकांची यंत्रं एकत्र चालवून कमाई वाटणाऱ्या ज्या गटाला न्गूनं ही यंत्रं जोडून दिली होती, त्याच्याकडची जमा होती. बरीच साठल्याशिवाय गट ती पाकिटात टाकत नसे, आणि तो गट तर मध्येच गाशा गुंडाळून गेला होता. हुआत सिओंगनं आकडा पुन्हा वाचला. चौतीस वर्षांची सवय, आकडा बघून त्याला कळलं. एवढ्यात पुढच्या महिन्याची औषधंही येणार नव्हती.

रडावं की ओरडावं ते त्याला ठरवता येईना. मग कारकुनाला जमतं तेच त्यानं केलं. चूक शोधत बसला.

"अगं, चालीत दोन्ही शब्द सारखेच बसतात," तो म्हणाला. "मग मुळात बदललास कशाला?"

सिऊ लाननं मान हलवली. तिनं शब्द गोळा केले, एकेक करून, दम घेत. दुखण्यानंतरचं तिचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

"बदलला... नाही. शब्द... विसरले. अर्थ... लक्षात होता."