पहिला लॉट घ्यायचा नसतो

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती न घेण्याचा दीर्घ आणि कसून अनुभव असावा लागतो. पूर्वीची माणसं अडाणी. दुकानात गेली, वस्तू घेतली, घरी आली, असला उथळ कारभार. आता ग्राहक सुशिक्षित झाला आहे. तो आधी वस्तू बाजारात येण्याची वाट पाहतो, मग लोक तिच्याबद्दल काय म्हणतात याची वाट पाहतो, आणि शेवटी त्या म्हणणाऱ्यांबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते पाहतो. तोवर पुढचं मॉडेल जाहीर होतं आणि अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो. (काही कोते लोक याला चालढकल म्हणतात.)

रहाटणीच्या शुभंकर हाइट्समधले निरंजनराव ढमाले हे या शास्त्रातले अधिकारी पुरुष. वय बेचाळीस, नोकरी भोसरीत, खातं प्लॅनिंग. चाकणच्या एका कंपनीची नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही येणार अशी बातमी फुटली आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपली चांगली चालती पेट्रोल गाडी विकून टाकली. "पेट्रोलचं युग संपलं," असं त्यांनी जाहीर केलं. संपलेलं युग सोसायटीच्या गेटासमोरच्या गॅरेजवाल्या रहिमानने घेतलं, धुतलं, पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून वापरायला काढलं. याला सतरा महिने झाले. तेव्हापासून ढमाल्यांच्या घरी गाडी नाही, पण गाडीविषयी माहिती एवढी की पार्किंगमध्ये मावणार नाही.

ही माहिती समाजापर्यंत पोचावी म्हणून निरंजनरावांनी व्हॉट्सअॅपवर 'ईव्ही अभ्यास मंडळ' काढलं. सभासद चौसष्ट. नियम मोजके आणि कडक: सकाळच्या फुलांचे फोटो टाकू नयेत, बॅटरीवरून भांडावं पण शिवी देऊ नये, आणि प्रत्यक्ष गाडी घेतल्यास सभासदत्व आपोआप रद्द व्हावं. (ज्याने गाडी घेतली त्याचा अभ्यास संपला, असा त्यामागे विचार.) सतरा महिन्यांत या नियमाखाली कोणालाही काढावं लागलेलं नाही, ही मंडळाच्या शिस्तीची पावतीच म्हणायची.

या चौसष्टांपैकी तेवीस जण याच गाडीचे कुठले ना कुठले भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कामाला होते. एक जण तिच्या सीटचा फोम कापत होता, एक जण हेडलाइट तपासत होता, आणि एक जण तर चाचणीच्या ट्रॅकवर ती रोज आठ तास चालवत होता. मंडळाने यांपैकी एकालाही गाडी कशी आहे असं विचारलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नव्हे.

खुद्द निरंजनरावांची बायको विजयश्री चाकणच्या त्याच कंपनीत त्याच गाडीच्या मागच्या दारांना रबर बसवत होती. पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने घरी आली की ती चहा टाकता टाकता म्हणायची, "अहो, मी रोज त्या गाडीत बसून दारं आपटून बघते. काय विचारायचंय ते मला विचारा ना."

"तुझं मत धरता येणार नाही," निरंजनराव समजुतीने सांगत. "तू कंपनीची माणूस. स्वतंत्र माणसाने सांगायला पाहिजे."

स्वतंत्र माणूस म्हणजे मोबाइलवर गाड्यांचे रिव्ह्यू टाकणारा गुरुग्रामचा एक तरुण. त्याला कंपनी विमानाने डोंगरातल्या हॉटेलात नेणार, दोन दिवस ठेवणार, खाऊपिऊ घालणार आणि गाडी हातात देणार होती. (निष्पक्षपातीपणाला मऊ गादी लागते.) हा तरुण डॅशबोर्डवर टिचकी मारून आवाजावरून प्लास्टिकची प्रत सांगतो. आपल्याकडे बाया बाजारात माठ असाच वाजवून घेतात, पण त्यांचं चॅनेल नसतं.

आता या सगळ्यात एक अडचण होती, ती म्हणजे निरंजनरावांचे वडील, बबनराव. मूळचे मावळातले, पिंपरीच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडून कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी. लोकलची पायरी चढवत नाही, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. त्यांची मोठी बहीण अंबुबाई तळेगाव दाभाड्याला मुलाकडे, दिवाळीपासून अंथरुणावर. आई लवकर गेली, म्हणून बबनरावांना या बहिणीनेच कडेवर वागवून मोठं केलेलं. म्हाताऱ्याला तिला एकदा भेटायचं होतं. मागणं एवढंच.

"निरंजन, आक्काकडं जाऊन येऊ रं. तिचं काय खरं न्हाई."

"बाबा, नवीन गाडीतूनच जाऊ. तिची मागची सीट झुकते. तुमच्या कमरेला आराम पडेल."

"आरं, बाजारात तुरी आन् भट भटणीला मारी! कवा येनार हाय ती?"

"झालंच. महिन्याभराचा प्रश्न."

रहाटणी ते तळेगाव अंतर चोवीस किलोमीटर. गाडी एका चार्जमध्ये सहाशे बारा किलोमीटर जाणार, असं कंपनीचं म्हणणं. म्हणजे बबनरावांना बारा वेळा नेऊन आणलं असतं तरी डिकीत थोडी वीज उरली असती. पण सहाशे बारा हा आकडा प्रत्यक्षात किती, चारशे ऐंशी की पाचशे दहा, यावर मंडळात दुफळी होती, आणि तो वाद मिटेपर्यंत चोवीस किलोमीटर जाणं निरंजनरावांना अशास्त्रीय वाटत होतं.

दिवाळीचं लाँच जानेवारीत गेलं, जानेवारीचं मार्चमध्ये. मधल्या रविवारी तळेगावचा विषय निघाला की निरंजनराव नेमके मोशीच्या रस्त्यावर उभे असत. तिथून चाचणीच्या गाड्या जातात, रूप कळू नये म्हणून काळ्यापांढऱ्या नक्षीचा कागद अंगभर चिकटवलेल्या. सहा रविवारांच्या तपश्चर्येनंतर त्यांना एका आरशाचा आणि अर्ध्या चाकाचा फोटो मिळाला. मंडळात त्यावर तीन दिवस चर्चा झाली. विजयश्रीने तो पाहून "हा आरसा आता बदललाय," असं सांगितलं, पण ती कंपनीची माणूस.

एकदा रहिमान स्वतःहून वर आला. म्हणाला, "भावा, गाडी खाली उभीच आहे. तुझीच होती ना. किल्ली घे, काकांना तळेगावला फिरवून आण. म्हातारं माणूस किती दिवस वाट बघणार?"

निरंजनरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. ज्याने पेट्रोलचं युग संपल्याचं चौसष्ट लोकांना लेखी कळवलं, त्याने भरदिवसा पेट्रोलच्या गाडीत दिसायचं? तेही आपणच विकलेल्या? विजयश्री म्हणाली, मी रजा टाकते, कॅब करू. "भाड्याच्या गाडीने आत्याच्या दारात जायचं? नवीन गाडी नेऊ. तिलाही बरं वाटेल," निरंजनराव म्हणाले. बुकिंग सुरू झालं तेव्हा त्यांनी बुकिंगही केलं नाही. पहिला लॉट घ्यायचा नसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. (पहिला लॉट कोणीच घेतला नाही तर दुसरा कसा निघेल, हा प्रश्न मंडळाने पुढील बैठकीसाठी राखून ठेवला आहे.)

अखेर मार्चमधला तो गुरुवार उजाडला. देशातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांनी सकाळी बरोब्बर अकरा वाजता आपलं स्वतंत्र मत एकदम प्रसिद्ध करावं, असं कंपनीने ठरवून दिलं होतं. निरंजनरावांनी रजा काढली, अंघोळ केली, टीव्हीला मोबाइल जोडला आणि सदतीस रकान्यांचा तक्ता मांडीवर घेतला. विजयश्री शिफ्टला गेलेली, तिचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. घरात बापलेक दोघंच.

अकरा वीसला बबनरावांचा फोन वाजला. तळेगावहून अंबुबाईंचा मुलगा गणराज बोलत होता. "मामा, आईचा श्वास लागलाय. सारखी तुमचं नाव घेतीय. कायतरी सांगायचंय म्हनती. लगेच निघा."

बबनराव काठी टेकत टीव्हीपुढे आले. "निरंजन, ऊठ. आक्का बोलावती. गनराजचा फोन हाय."

"बाबा, पाच मिनिटं. मागच्या सीटचंच चाललंय."

हे खरं होतं, आणि निरंजनरावांवर कोणी निर्दयपणाचा आरोप करू नये म्हणून इथे नमूद करतो. गुरुग्रामचा तरुण त्या क्षणी मागच्या सीटवर बसून ज्येष्ठ मंडळींच्या कमरेला आधार किती मिळतो, मांडीखाली जागा किती उरते आणि घरातले आजी-आजोबा लांबच्या प्रवासात किती सुखी राहतील, हेच सांगत होता. निरंजनराव ते वडिलांसाठीच ऐकत होते. रकाना क्रमांक एकोणीस: ज्येष्ठांची सोय. त्यांनी दहापैकी साडेआठ लिहिले.

बबनरावांनी चपला शोधल्या. मग ते लिफ्टने खाली गेले आणि रस्ता ओलांडून रहिमानच्या गॅरेजात जाऊन म्हणाले, "बाबा रे, मला आक्काकडं सोड."

रहिमानने हातातला पाना खाली टाकला, हात पुसले नाहीत, गाडी काढली. निगडीला सिग्नल, देहूरोडला ट्रक, सोमाटण्याला पुन्हा ट्रक. तो हॉर्न वाजवत राहिला आणि बबनराव मागच्या सीटवर आडवे झाले. कंबर दुखत होती का, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही.

अंबुबाई साडेबाराला गेल्या. बबनराव पोचले तेव्हा एकला दहा कमी होती.

निरंजनरावांना वडील घरात नाहीत हे सातव्या रिव्ह्यूनंतर लक्षात आलं. ते चारच्या सुमाराला रिक्षाने तळेगावला पोचले. आत्याला पाहून त्यांना खरंच रडू आलं; माणूस वाईट नव्हता. रडून झाल्यावर त्यांनी वडिलांजवळ बसून विचारलं, "बाबा, मला नीट हाक तरी मारायची."

बबनराव म्हणाले, "निरंजन, गाडी घे. सावकाश बघून घे. आता मला कुटं बी जायचं न्हाई."

दहाव्याला पाहुणे जमले. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागत होता, तेवढ्यात कोणीतरी दबक्या आवाजात निरंजनरावांना विचारलं, मग काय ठरलं त्या गाडीचं? निरंजनरावांनी वडिलांकडे एकदा पाहिलं आणि दबक्याच आवाजात सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटांत भोवती अकरा माणसं झाली. कावळा कधी शिवला ते फक्त बबनरावांनी आणि दोन हात लांब उभ्या असलेल्या रहिमानने पाहिलं. मंडळाची सभासदसंख्या आता पंच्याहत्तर आहे.

ही हकिकत छापायला देण्याआधी, रीतीप्रमाणे, आम्ही चार सुजाण वाचकांना वाचायला दिली. चौघांनाही आवडली. एकाने शेवट थोडा लांबलाय म्हटलं, दुसऱ्याने पाचपैकी चार तारे दिले. अंबुबाईंना भावाला काय सांगायचं होतं, हे एकानेही विचारलं नाही. चौघांनीही विचारलं ते एकच: गाडी कुठली? तुम्हीही तेच विचारणार होतात. फक्त नाव पुढे कुठेतरी येईल म्हणून इथपर्यंत वाचत आलात.