विलायती पोथी

डॉक्टर मच्छिंद्र लोंढे यांनी टेबलाचे तिन्ही खण उपसले, कपाटामागे हात घातला, शेवटी तपासणीच्या खाटेवरची चादरही झटकली. मासिक नव्हते.

विलायतेहून बोटीने निघालेले ते वैद्यकीय मासिक नगरला पोचेपर्यंत चार महिने शिळे होई. तरी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात तेच ताजे ज्ञान. लोंढे आधी ते उघडत, ओठांतल्या ओठांत वाचत आणि मगच औषधाची चिठ्ठी लिहीत. या अंकात त्यांना नेमका हवा तो लेख सापडला होता. उदासीवरच्या नव्या गोळ्यांना सहा आठवडे द्यावेत, असे त्यात छापले होते. शेवगावच्या कारभारी मास्तरांना गोळ्या सुरू होऊन चारच आठवडे झाले होते आणि मास्तर अजून हूं की चूं करत नव्हते. अधीक्षक आज त्यांना पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडणार होते. गाडी दारात उभी होती.

"लेख दाखवा, थांबतो," अधीक्षक म्हणाले. "तोंडी गोष्टी नकोत."

"सिस्टर, अंक कुणी नेला?"

विजयमाला सिस्टर चाचरल्या. "मास्तरांच्या बायकोनं, गोजरबाईंनी. आंघोळ करून आल्या आणि नेला."

"आंघोळ करून?"

"पोथीला पारोशानं हात कसा लावायचा, म्हणाल्या."

दोघे डॉक्टर वॉर्डाकडे धावले. खाटांमधल्या जागेत पाट मांडला होता. त्यावर अंक उघडा, पानाच्या कोपऱ्याला हळदकुंकू. भोवती रुग्णांची नातेवाईक मंडळी हात जोडून बसलेली. आणि पाटामागे चष्मा लावून कारभारी मास्तर वाचत होते. मोठ्याने. इंग्रजीतून.

लोंढे दारातच थबकले. "हे बोलायला कधी लागले?"

"सकाळधरनं," गोजरबाई कुजबुजल्या. "तुमी पोथी बघितल्याबिगर गोळी देत न्हाई. म्हंजे गुन पोथीतच की! पर विंग्रजी वाचनार कोन? मांडली ह्यांच्याम्होरं, धा बाया बसवल्या. घटकाभर गप हुते. मंग मलाच खेकसले, 'मागच्या रांगेत गडबड नको!'"

अधीक्षक पुढे झाले. "मास्तर, तो अंक जरा..."

मास्तरांनी बोट वर केले. "अध्याय मधीच सोडत नसतात. बूट बाहेर काढा आणि खाली बसा."

अधीक्षकांनी बूट काढले. लोंढ्यांनीही काढले.

मास्तरांनी आणखी एक ओळ वाचली आणि अर्थ सांगितला, "म्हणजे काय? आज पेरलं की उद्या कणसं धरत न्हाईत. ह्या गोळ्यांना सहा आठवडे लागतात. घाई करणारा वैद्य," त्यांनी चष्म्यावरून अधीक्षकांकडे पाहिले, "अडाणी."

"व्हय मास्तर," बायका म्हणाल्या.

"हे अडाणी छापलंय का?" अधीक्षकांनी लोंढ्यांच्या कानाशी विचारले.

"नाही साहेब. ते मास्तरांचं भाष्य."

अधीक्षकांनी घड्याळ पाहिले. गाडीचा ड्रायव्हर कानिफनाथ तिसऱ्या रांगेत हात जोडून बसला होता. साहेबांनी खूण केली, तरी तो उठला नाही.

"सायेब, दोन पानं ऱ्हायलीत," तो हळूच म्हणाला. "गाडी उद्या काढू का?"

"उद्याही नको," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी मांडी बदलली.