काळी बाज

हेमंत आपटे पुण्याहून बदलून भोपाळला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं, पण तेवढ्यात त्यांनी शेजारच्या विलास खडतकरच्या सुखाची पार वाट लावली होती. माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. वाईट असता तर त्याला चारचौघांत शिव्या देऊन विलास मोकळा झाला असता. टाऊनशिपच्या गणेशोत्सवात सजावटीचं पहिलं बक्षीस अकरा वर्षं विलासकडे असायचं. ते आपट्यांनी नेलं. क्वार्टरपुढच्या बागेचं बक्षीस नेलं. महाराष्ट्र मंडळाच्या पाककृती स्पर्धेत आपट्यांनी साबुदाण्याची खिचडी करून बायकांनाही मागे टाकलं, आणि विलासच्या बायकोने, रजनीने, घरी येऊन त्या खिचडीचं तोंडभरून कौतुक केलं. विलास तेव्हा तिच्याच हातची खिचडी खात होता. तो घास त्याला गिळवेना.

आता विलासच्या मालकीचं एकच उरलं होतं, ते म्हणजे लोहकंठ. लोहकंठ हा एका हिंदी कॉमिक्सचा नायक. गळ्यात पोलादी पट्टा घालायचा आणि नुसत्या आरोळीने भिंती पाडायचा. विलास चाळिशीला आला होता, कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये टेक्निशियन होता, तरी त्याच्या पलंगाखाली लोहकंठचे सगळे अंक क्रमाने लावलेले होते. एकोणीसशे नव्वदच्या हिवाळ्यात भोपाळात लोहकंठच्या चाहत्यांचं संमेलन भरणार असं कळलं आणि तो हरखून गेला. तिथे वेशभूषा स्पर्धा होती. परीक्षक म्हणून दस्तुरखुद्द चित्रकार कुशवाहजी येणार होते, आणि जो जिंकेल त्याला ते पुढच्या अंकात काढणार होते. लोहकंठच्या अंकात आपण! विलासला याहून जास्त काही नकोच होतं.

नावं नोंदवायची होती जवाहर चौकातल्या पुस्तकाच्या दुकानात. नेमकी त्या दिवशी विलासची स्कूटर रुसली आणि आपटे म्हणाले, "चला विलासराव, मी सोडतो." इथेच घात झाला. विलासने "लोहकंठ" म्हणून नाव सांगितलं. दुकानदाराने ते लिहून घेतलं, पण त्याची नजर विलासच्या मागे उभ्या सहा फुटी आपट्यांवर खिळलेली होती.

"भाईसाब, आप भी आइए ना! क्या पर्सनॅलिटी है! आप काला बाज बन जाइए."

विलासला आजवर कुणीही पर्सनॅलिटी आहे असं म्हटलेलं नव्हतं. दुकानदाराने तर नाहीच.

परतताना आपट्यांनी स्कूटर हळू केली. त्यांचं हिंदी म्हणजे पुण्यात शाळेत शिकलेलं, तेही पस्तीस मार्कांपुरतं. "विलासराव, हे काला बाज म्हणजे काय असतं हो?"

काळा बाज म्हणजे काळा ससाणा, लोहकंठचा कट्टर शत्रू. हे विलासच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर ती रुंद, सुबक, बक्षिसं मिळवणारी पाठ दिसत होती.

"बाज म्हणजे बाज," तो म्हणाला.

"बाज? म्हणजे झोपायची? खाट?"

"आता बाज म्हणजे बाजच नाही का, साहेब?"

"पण बाज स्त्रीलिंगी. मग काला कसं?"

"हिंदीत सगळं उलटंच असते," विलास म्हणाला. आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, असं त्याने घरापर्यंत स्वतःला सतरा वेळा बजावलं.

आपटे पडले इंजिनिअर. एखादी गोष्ट करायची म्हणजे ती तडीला न्यायची. दुसऱ्याच दिवशी ते विलासच्या आईपुढे, लीलावतीबाईंपुढे, येऊन उभे राहिले. लीलावतीबाई लग्नानंतर नागपूरहून भोपाळला आल्या तेव्हा सुंभाची एक बाज बरोबर घेऊन आल्या होत्या. दुपारी व्हरांड्यात त्या तिच्यावर आडव्या व्हायच्या. त्या बाजेवर विलासलाही बसायची बंदी होती.

"आजी, आठ दिवसांसाठी तुमची बाज मिळेल का?"

"ने ना बापा! त्यात काय विचारायचं?" लीलावतीबाई म्हणाल्या. "किती गोड बोलतो हा पोरगा! नाहीतर आमचा विलास. तोंड उघडलं की वसकन अंगावर येते."

बाज आपट्यांकडे गेली. लीलावतीबाई विलासच्या पलंगावर आल्या. विलास सतरंजीवर आला.

मग बाज हलकी करायची म्हणून तिचं सुंभ काढावं लागलं. नवीन दोरी विणायला रजनी गेली, कारण आपट्यांच्या बायकोला, वंदनाला, ते जमत नव्हतं. काळा रंग कुठला चांगला बसेल हे विचारायला आपटे विलासकडेच आले, आणि पेंट शॉपची अब्रू राखायची म्हणून विलासला खरं सांगावं लागलं. वर दोन हातही मारून द्यावे लागले. बाज अशी काळीभोर झाली की आळीतले लोक येऊन पाहून जाऊ लागले. विलासकडे मात्र कुणी फिरकेना. त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एकट्यानेच लोहकंठचा पट्टा केला, चंदेरी रंगवला, मागच्या बाजूला नट-बोल्ट बसवला. जळफळाट इतका की मानेचं माप दोनदा घ्यायचं राहूनच गेलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्याने रजनीला हाक मारली. "बोल्ट आवळून दे. घट्ट आवळ, ढिला दिसू नये."

रजनीचा एक पाय दारात होता. तिकडे आपट्यांच्या पाठीवर बाज बांधायची होती. तिने पान्याने बोल्ट गरागरा फिरवला, शेवटी एक हिसका दिला आणि धावली. बोल्टचे आटे गेले. आता तो ना पुढे फिरे ना मागे, आणि पट्टा गळ्यात रुतून बसला. विलासने "रजनी!" अशी हाक मारली, पण ती हाक त्याची त्यालाही ऐकू आली नाही.

हॉलच्या दारावर पुरुषभर उंचीचं चित्र लावलेलं होतं: पंख पसरलेला काळा ससाणा, खाली ठळक अक्षरांत 'काला बाज'. आपटे पाठीवर बाज घेऊन त्याच्यापुढे थबकले. त्यांनी चित्राकडे पाहिलं. मग बाजेच्या पायांकडे पाहिलं. मग विलासकडे. विलासला घाम फुटला. खुलासा करायचा तर घशातून नुसतीच हवा येत होती.

"विलासराव!" आपट्यांचे डोळे भरून आले. "आत्ता समजलं! पक्षी काय, कुणीही झालं असतं. तुम्ही मुद्दाम मला बाज केलंत! मराठी माणसालाच सुचेल अशी कोटी! स्वतः स्पर्धेत असून माझ्यासाठी एवढा विचार केलात?"

शिवी परवडली असती. हे विलासला फारच झोंबलं.

आधी नाव पुकारलं गेलं ते काळ्या बाजचंच. आपटे हातापायांवर रांगत स्टेजवर आले आणि मधोमध बाज होऊन थांबले. हॉलमध्ये कुजबुज झाली, मग खसखस पिकली. कुशवाहजींनी चष्मा पुसला.

"यह क्या है, भाई?"

"मैं काला बाज हूँ!" बाजेखालून आवाज आला. "हमारे मराठी में बाज मतलब खाट!"

हॉल हसून हसून लोळायला लागला. तेवढ्यात लोहकंठचं नाव पुकारलं गेलं. विलास छाती काढून पुढे झाला. आता ती जगप्रसिद्ध आरोळी. त्याने जमेल तेवढा श्वास ओढला, हात उंचावले, आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा "फुस्स" आवाज आला. त्याने पुन्हा जोर केला. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. विलास भेलकांडला आणि पडला तो थेट बाजेवर, उताणा. रजनीची वीण पक्की होती, त्याचं वजन तिने बरोबर पेललं.

"विलासराव?" आपट्यांनी खालून विचारलं. वरून पट्ट्यात अडकलेल्या श्वासाची नुसती शीळ ऐकू आली. पट्टा कापायला हवा हे त्यांना कळलं आणि ते तसेच, विलासला पाठीवर घेऊन, गुडघ्यांवर दुडक्या चालीने स्टेजवरून निघाले. लोकांना वाटलं, हे आधीच ठरलेलं. काळ्या बाजने आख्खा लोहकंठ पळवून नेला! शिट्ट्या, टाळ्या, कागदाचे बाण. मागच्या खोलीत वॉचमनने पक्कड लावून पट्टा कापला, विलासने पहिला श्वास घेतला, आणि दारात कुशवाहजी उभे होते.

"चालीस साल में ऐसी जोड़ी नहीं देखी," ते म्हणाले. "दोनों को इनाम! दोनों को अंक में बनाऊँगा। आयडिया किसका था?"

"इनका!" आपटे अभिमानाने म्हणाले. विलासने मान खाली घातली. लाज वाटली म्हणून घातली, पण सगळ्यांना तो विनयच वाटला.

दोन महिन्यांनी अंक आला. दोन्ही घरं विलासच्या व्हरांड्यात जमली. पान उलटताच विलासच्या अंगावर रोमांच उभे राहिले. चार चौकटी! चारही चौकटींत बाजेवर पसरलेला लोहकंठ, आणि त्याला हुबेहूब विलासचं तोंड. नाकावरचा तीळसुद्धा कुशवाहजींनी सोडला नव्हता.

"अगं बाई, माझी बाज!" लीलावतीबाई म्हणाल्या.

आपटे पानावर वाकले. त्यांनी चारही चौकटी पाहिल्या. मग अंक उलटा धरून पाहिला. "यात मी कुठाय?"

"हे काय, साहेब." विलासने बोट ठेवलं. "हे गुडघे."

"गुडघे दिसतायत. पण चेहरा?"

"तो बाजेखाली आहे ना."

आपटे हसले, पण कसनुसे. चहा अर्धा ठेवून उठले. अंक न्यायला विसरले.

संध्याकाळी वंदना कुंपणापाशी आली. "विलासभाऊ, यांना काय झालंय कळत नाही. जेवायला तयार नाहीत. नुसतं म्हणतायत, 'खडतकरांना चार चौकटी आणि मला गुडघे?' तुम्ही जरा येऊन समजावता का?"

विलास जेवायला बसला होता. या दुखण्याची त्याला खडान् खडा माहिती होती. ते कुठून सुरू होतं, कुठे ठुसठुसतं, घास कसा फिरतो, सगळं त्याने वर्षभर अंगावर काढलं होतं. उठावं, असं त्याला क्षणभर वाटलंही.

"आज नको, वहिनी," तो मोठ्या मायेने म्हणाला. "पहिले दोन-तीन दिवस कुणाचं काही पटत नाही." आणि त्याने रजनीकडे आणखी एक पोळी मागितली.