‘येतो’ म्हणायचं नाही

नन्नावरे सरांच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायला बंदी आहे. ‘जातो’ म्हणायचं. नाही म्हटलं तर सर फाटकाची कडी धरून उभे राहतात आणि माणसाला बाहेर सोडत नाहीत.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात कोणी धडधाकट माणूस ‘जातो’ म्हणून घराबाहेर पडतो का? अभद्र ते अभद्रच! व्याही असो की दूधवाला, निघताना ‘येतो’च म्हणतो. आमच्या नागभीडकडे तर बायकासुद्धा ‘येतो’च म्हणतात. पण सरांपुढे कोणाचं काय चालतं? दूधवाला दोन-चार दिवस कुरकुरत ‘जातो’ म्हणाला आणि मग दूध फाटकाबाहेरच ठेवून पळायला लागला. पोस्टमन बिचारा सरळ माणूस. “जातो सर,” म्हणाला आणि पुढच्याच महिन्यात त्याची बदली झाली थेट सिरोंच्याला. मी भडकले. म्हटलं, “पाहा, लागलं की नाई तुमचं बोलणं?” तर सर शांतपणे म्हणतात, “वाक्य बरोबर होतं त्याचं. म्हटल्याप्रमाणे गेला.”

मी यांची शेजारीण. माझी पिठाची चक्की आहे, आणि चक्कीची नि सरांच्या क्लासची भिंत एकच. म्हणजे माझं नशीब बघा! शाळेतून रिटायर झाल्यावर माणसानं शेती बघावी, देवळात बसावं. यांनी घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास काढला. परदेशात नोकरी करायची तर आधी इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं, ती परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि मार्कांना म्हणतात बँड. गडचिरोली-चंद्रपूरच्या दवाखान्यांतल्या नर्स पोरी येतात शिकायला. इंग्रजी वाचतात बऱ्यापैकी, पण बोलायची वेळ आली की फे फे उडते.

“अगदी कोऱ्या पाटीले शिकवणं सोपं आहे, मंदाबाई,” सर म्हणतात. “ह्या अर्ध्या भरलेल्या पाट्या जीव घेतात.”

आणि हे पाट्यांचा जीव घेतात! “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स,” असं एक पोरगी म्हणाली, तर सर असे ओरडले की माझ्या हातातलं सूप पडलं. “भाऊ काय असून राह्यले का? भाऊ आहेत! आपण जेवून राह्यलो, झोपून राह्यलो, सगळं करून राह्यलो, म्हणून भाऊही असून राह्यले? अर्धा बँड गेला!”

‘अर्धा बँड गेला’ हे यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली, अर्धा बँड गेला. पंगतीत वरण उशिरा आलं, अर्धा बँड गेला. मी एकदा हौसेनं वाटीभर वडाभात नेऊन दिला, तर चाखून म्हणाले, “साडेसहा. तेल कमी आहे.” मी वाटी उचलून घरी आणली. फुकटचं खायचं आणि वर बँड द्यायचे!

सगळ्यात मोठं भांडण ऐकण्याच्या पेपरचं. तिकडे सर मोबाईलला स्पीकर लावून गोऱ्या बाईचं बोलणं ऐकवतात, आणि इकडे माझं गिऱ्हाईक आलेलं असतं. मी काय पट्टा काढून ठेवू? चक्की सुरू झाली की सर दारात हजर. “बंद करा, मंदाबाई! बाईनं हॉटेलचा पत्ता सांगितला अन् तो तुमच्या गव्हात गेला!” मिरची दळायच्या दिवशी तर अख्खा क्लास शिंकतो. तेव्हा मात्र थांबत नाहीत. “शिंकत शिंकत बोला! थंडीच्या देशात चाललात, तिथी काय सर्दी नसते?”

माझ्यावर चिडतात ते चिडतात, परीक्षेवरही तितकेच चिडतात. एकदा प्रश्न आला, मोठ्या मॉलमध्ये तुम्ही हरवलात तो प्रसंग सांगा. सर लालबुंद. “ह्या पोट्ट्या मोहफुलं वेचता वेचता जंगलात हरवल्या असतील, मॉलमध्ये कुठी हरवतील? मॉल आणू कुठून मी?” दिवसभर धुसफुसले आणि संध्याकाळी पोरींना सांगितलं, मार्कंड्याच्या जत्रेत हरवल्याचं सांगा. “जत्रा म्हणजे मॉलच. फक्त वरून छप्पर नाई.”

गोऱ्या माणसाचा उच्चार कानावर पडावा म्हणून एकदा पोरींना मोहर्लीला घेऊन गेले. तिथे ताडोब्याच्या गेटवर वाघ बघायला परदेशी पाहुणे येतात. जिप्सीत बसलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्याला यांनी गाठलं आणि पोरींना पुढं केलं. विचारा म्हणाले. पोरींनी विचारलं, “तुम्हाला डोंगर आवडतो की समुद्र? का आवडतो? दोन कारणं द्या.” पाहुणे वाघासाठी सात समुद्र ओलांडून आलेले, आणि गेटवर यांची तोंडी परीक्षा! गेटवाल्यानं सरांना हाताला धरून बाजूला केलं. परत येऊन मला काय सांगावं? “त्या म्हाताऱ्यानं एकच कारण दिलं. साडेपाचच्या वर नाई जात तो.”

अशा माणसाच्या हाती मी माझी प्रणिता दिली. प्रणिता माझ्या धाकट्या बहिणीची पोर. बहीण गेली तेव्हा ही हातभर होती, मीच वाढवली. गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे. परदेशातल्या एका दवाखान्यानं तिला निवडलं, पण बोलण्यात सात बँड पाहिजे म्हणाले, आणि हिला पडले साडेसहा! अर्ध्या बँडासाठी पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं. शेवटची एक संधी उरली होती. या वेळी हुकलं तर तिची जागा दुसरीला. म्हणून सुट्टी काढून ती माझ्याकडे आली आणि भिंतीपलीकडे बसून ‘डोंगर की समुद्र’ घोकायला लागली.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “तुझा अर्धा बँड कुठी गेला मले माहीत आहे. परीक्षेतून निघताना काय म्हटलं होतं?”

“काहीतरी म्हटलं असंन जी. आठवत नाई.”

“आय ॲम कमिंग म्हटलं असशील! माझी एक विद्यार्थिनी असंच म्हणून उठली होती. येतो! परीक्षा घेणारी बाई बिचारी दार उघडं ठेवून बसली, की ही कधी परत येते. कापला न अर्धा बँड! आजपासून तुझंही ‘येतो’ बंद. मराठीतही बंद. जिभेलेच सवय नको.”

झालं! पोरगी माझ्या घरातही ‘जातो’ म्हणायला लागली. दुकानात निघाली, जातो मावशी. विहिरीवर निघाली, जातो मावशी. मी कानावर हात ठेवायची. आणि परीक्षेला नागपूरला निघाली तेव्हा मी तिच्या हातावर दही ठेवलं, तर पाया पडून म्हणते काय, “मावशी, जातो.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण शुभ कामाला निघालेल्या पोरीवर ओरडायचं कसं? गिळलं. दिवसभर चक्कीत ज्वारी कमी आणि दातओठच जास्त दळले.

संध्याकाळी ती परत आली. पेपर बरा गेला म्हणाली. मी आधी तेच विचारलं, “निघताना काय म्हटलंस?”

ती हसायला लागली. “काहीच नाई. मावशी, प्रश्न संपले की ती बाई आवाज भरायचं मशीन बंद करून टाकते. निघताना काय म्हणा, त्याले मार्कच नाई. कापते कुठून अर्धा बँड?”

म्हणजे सगळी थाप! मी तशीच पिठाच्या हातांनी उठले आणि सरांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. “काऊन जी सर? माझ्या पोरीच्या तोंडून रोज अभद्र वदवलं, ते कशासाठी? कोणत्या बाईनं दार उघडं ठेवलं होतं? नाव सांगा तिचं!”

सर खुर्चीतून ताडकन उठले. मला वाटलं, आता माझेही बँड कापतात.

“नाव तुमाले माहीत आहे!” सर ओरडले. “तुमच्याच चक्कीवर येत होती न थे, दर दिवाळीले, चकलीची भाजणी घेऊन?”

भाजणी म्हटल्यावर मला कळलं. सरांची बायको, कुसुमताई. त्यांचा मुलगा सगळ्यात आधी ही परीक्षा पास झाला, सरांनीच त्याला शिकवलं. याच फाटकातून, “आई, येतो,” म्हणून गेला. तेव्हापासून कुसुमताई दर दिवाळीला भाजणी आणायच्या. पोट्टा येतो म्हणून गेला आहे, म्हणायच्या, चकल्या करून ठेवतो. मी दळून द्यायची. कुसुमताई गेल्या तेव्हा तो मोबाईलवर रडला. आला नाही.

“एका शब्दावर बसून राह्यली थे,” सर म्हणाले. आवाज आता खाली आला होता. “फाटक लावू देत नव्हती मले. जातो म्हटला असता तर बाई वाट तरी नसती पाहत. म्हणून म्हणतो, खरं बोलून जा. जातो म्हणा अन् जा!”

मी त्यांच्या अंगणातल्या नळावर हात धुतले आणि घरी आले.

प्रणिताला सात बँड पडले. सर पेढे घेऊन स्वतः चक्कीवर आले आणि वर म्हणाले, “साडेसात पाहिजे होते.” 

निघायच्या दिवशी नागपूरला न्यायची गाडी चक्कीसमोर उभी होती. प्रणिता सरांच्या पाया पडायला गेली, मी मागोमाग. पाया पडून ती फाटकाशी आली. सर कडी धरून उभे.

“सर, जातो,” प्रणिता म्हणाली. अगदी शिकवल्याप्रमाणे.

सर कडी सोडेनात.

“अर्धा बँड गेला,” ते म्हणाले.

“काऊन जी? जातोच तर म्हटलं!”

“मावशीले सोडून चालली आणि जातो म्हणते? लाज नाई वाटत?” सर एकदम तिच्यावर खेकसले. “येतो म्हण!”

प्रणितानं माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत पीठ गेलं होतं म्हणायलाही सोय नव्हती, चक्की सकाळपासून बंद होती.

“येतो, सर,” ती म्हणाली. मग माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “मावशी, येतो.”

सरांनी कडी सोडली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो. शेवटी मी डोळे पुसले आणि त्यांच्यावर ओरडले, कारण कोणावर तरी ओरडायलाच हवं होतं. “आता फाटक लावा न सर! गुरं शिरून राह्यली अंगणात!”

“शिरू द्या,” सर म्हणाले. “पोट्टी येतो म्हणून गेली आहे.”