दिगूकाकांचा शंभरचा रोल

आमच्या उस्मानपुऱ्यातले दिगूकाका रोज सकाळी गच्चीवर जाऊन उन्हात तळहात धरतात, डोळे बारीक करतात आणि जाहीर करतात, "आज शंभरचं ऊन हाय." आम्ही पामर त्याला उकाडा म्हणतो.

काका मूळचे पिशोरचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि अजूनही रोलचा कॅमेरा वापरणारे. "मोबाइलमधी फोटो निघतो, काढावा लागत नाय," असं त्यांचं मत. रोल राहतात फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. पाहुण्याला गार पाणी मिळेलच असं नाही, पण रोल गारच.

रोलच्या बाबतीत काकांचा धर्म एकच: शंभर नंबर. त्याला उजेड भरपूर लागतो, पण फोटो आरशासारखा स्वच्छ येतो. चारशेचा रोल सावलीतही चालतो, हलता माणूसही पकडतो, पण फोटोवर रव्यासारखे दाणे दिसतात. स्टुडिओवाल्या अस्लमभाईंनी एकदा सहलीसाठी चारशेचा पुढे केला, तेव्हा काका भर दुकानात कडाडले, "उन्हात चारशे? मे महिन्यात कानटोपी घालून हिंडता का मियाँ?" नंतर मलाही गाठून त्यांनी यावर व्याख्यान दिलं. मी फक्त दूध आणायला निघालो होतो.

यंदा काका-काकूंचं गोव्याला जायचं ठरलं. गोवा म्हणजे ऊन, ऊन म्हणजे शंभर. फुकटची करमणूक होईल म्हणून मी रोल घ्यायला सोबत गेलो. काका काउंटरला टेकले आणि म्हणाले, "चारशेचा द्या."

अस्लमभाईंनी चष्मा काढला. "काका, तबियत ठीक है ना?"

मी तरी कशाला सोडतोय! "काका, कानटोपीपण घ्यायची का?"

काका हसले नाहीत. "हिचा उजवा हात थरथरतो आता," ते म्हणाले. "मागं शंभरवर फोटो काढला हिचा, झाडाखाली. सगळं झाक आलं, हात तेवढा पुसल्यावाणी. ही म्हणली, हा हात माझा नाय. तवापासून कॅमेरा काढला की पदराखाली हात घालती, नायतर उठून जाती. ऊन हिला सोसत नाय, सावलीतच बसवावं लागंल. येऊ द्या दाणे. हात आला पायजे."

अस्लमभाईंनी चारशेचा रोल काढून दिला. मी दुकानातली लग्नाची फोटोफ्रेम उगाच निरखत राहिलो.

गोव्याहून परतल्यावर रोल धुऊन आला आणि काकांनी मला घरी बोलावलं. फोटोत माडाच्या सावलीत काकू बसल्या होत्या. हात पदराबाहेर कसा आला, ते त्या दोघांनाच ठाऊक. दाणे तर इतके, की उपमा झाला असता. पण हात मांडीवर शांत होता आणि बोटं वेगवेगळी दिसत होती. मला खरंच भरून आलं.

काकूंनी फोटो हातात घेतला. तो हलायला लागला, तशी काकांनी दुसरी बाजू धरली. बराच वेळ बघून काकू म्हणाल्या, "दोनच बांगड्या व्हत्या. लई भुंडा दिसतोय हात."

काकांनी पायात चपला सरकवल्या आणि ते दारात जाऊन उभे राहिले.

"चल," ते काकूंना म्हणाले, "भरून येऊ."