दगाचा परदेश

परदेशात पाय ठेवला की आमचा दगा आधी खाली वाकतो, चिमूटभर माती उचलतो आणि जिभेवर ठेवतो. मग थुंकून निकाल देतो, "हाई मातीमा कपाशी येत नही." तिथं कपाशी लाव असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सिंगापूरला थुंकायची बंदी. तिथली माती त्याला गिळावी लागली.

दगा, कांतीलाल, सुधाकर आणि मी दोंडाईच्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे कांतीलाल तिथंच वडिलांच्या कापडदुकानात बसला, सुधाकर इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, मी धुळ्यात बँकेत चिकटलो. दगा नरडाण्याजवळ आपल्या शेतातच राहिला. आणि दरवर्षी भेटायचं, तेही परदेशात, ही कल्पना या दगाची!

सुरुवात नेपाळपासून झाली. आम्हाला वाटलं, गड्याला जग बघायचंय. छे! जगाकडे तो ढुंकून बघत नाही. पशुपतिनाथाच्या दारात म्हणाला, "तुम्ही दर्शन करी या, मी चपला सांभाळस." सिंगापुरात बोटीतून फिरलो, तर उंच इमारतींकडे पाठ करून सुधाकरला विचारत होता, "तुना गुडघा आते कसा शे रे?"

सामानाचं तर विचारूच नका. दोन सदरे, एक पायजमा आणि बाकी सगळी वांगी. शिवाय हिरव्या मिरच्या, शेंगदाण्याचं तेल आणि विजेची एक शेगडी. "परदेशी लोकेस्ना भरवसा नही," म्हणे.

सिंगापूरला दुसऱ्या दिवशी सकाळी कांतीलाल दाढी करत होता. त्याच खोलीत दगाने शेगडी लावली आणि वांगी भाजायला घेतली. सालं करपली, धूर छताला गेला आणि सगळ्या हॉटेलभर घंटा कोकलायला लागली. माणसं जिने उतरून रस्त्यावर आली. कांतीलाल बनियन-टॉवेलवर, अर्ध्या गालाला साबण. सर्वात शेवटी दगा आला, हातात वांग्यांचं ताट. घाबरलेल्या मॅनेजरला तो समजावत होता, "आग नही लागनी भाऊ, वांगा भाजी ऱ्हायनू!"

सुधाकरने इंग्रजीत माफी मागितली. मॅनेजरने शेगडी जप्त केली, पण ताटाचा वास घेऊन हळूच विचारलं, हे खातात कशाशी? दगाने तिथंच उभ्या उभ्या खिशातल्या मिरच्या चुरडल्या, वांगी कालवली आणि त्याला भरवलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आवडनं त्याले," दगा म्हणाला.

कपडे घालून आम्ही समोरच्या बागेत बसलो. कांतीलालचा पारा काही उतरेना.

"बस झालं! पुढच्या वर्षापासून परदेश बंद. माझ्या गच्चीवर भेटायचं. तिथं तुला काय पेटवायचं ते पेटव!"

मलाही ते पटलं. सुधाकरनेही मान डोलावली. दगा मात्र मान खाली घालून बोटं पुसायला लागला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"दोंडाईचामा नको."

"का पण?"

तो बोटाला लागलेली काजळी पुसत राहिला. मग म्हणाला, "मनी रखमा गयी तवय तुम्ही बठ्ठा भेटाले उनात. चहा पिनात. अर्धा तासमा बठ्ठास्नी यष्टी धरी."

आवाजात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होता.

"तुमनं बी बरोबर शे. कोनी बँक, कोनं दुकान. घर जवळ ऱ्हायनं की मानूस उठसच. आठे कोठे जाशात?"

रखमावहिनी गेली त्याच हिवाळ्यात त्याने नेपाळचा विषय काढला होता, ते मला आत्ता उमगलं. सुधाकर उगाच चष्मा पुसायला लागला. कांतीलाल दगाच्या शेजारी सरकून बसला आणि गालावर वाळलेला साबण खरवडत राहिला. कुणीच उठलं नाही. बसमधून शहर बघायला नेणार होते, ती बस आमच्यासमोरून निघून गेली.

बऱ्याच वेळाने कांतीलालने विचारलं, "बरं, पुढच्या वर्षी कुठं जायचं?"

दगा खुलला.

"जठे यष्टी नही तठे!"