बेपत्ता तिसरा पर्याय

स्वतःविषयी बोलताना आसावरी नेहमी संयम पाळायची. ती एवढंच म्हणायची, की दोह्यात गुप्तहेर दोन प्रकारचे आहेत: एक ती स्वतः, आणि दुसरे ते, ज्यांच्या कानावर तिचं नाव अजून गेलेलं नाही. नजर ससाण्याची, कान सशाचे, आणि बुद्धी इतकी धारदार की कधीकधी तिची तिलाच लागायची. वय पंधरा, पण चार मोठी प्रकरणं तिच्या खात्यावर जमा होती. त्यातली तीन तिने हात घालण्याआधीच सुटली होती आणि चौथं तिने हात घातल्यामुळे आजतागायत सुटलेलं नव्हतं, हा तपशील ती पाहुण्यांसमोर काढत नसे.

तो काढायला शफा होती. फरीज बिन ओमरान वस्तीत तिच्याच इमारतीत, समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, मूळची रत्नागिरीकडची, आणि आसावरीची सहायक. ‘सहायक’ हा शब्द आसावरीचा. शफा स्वतःला ‘बिचारी’ म्हणायची.

त्या शुक्रवारी सकाळी पाचवं प्रकरण डोळे पुसत स्वयंपाकघरात आलं आणि आईला म्हणालं, “मृणालिनी, चहा दे गं. मी आज संध्याकाळी तारीख रद्द करून टाकते. माझ्याच्याने नाही व्हायचं.”

हे प्रकरण म्हणजे नमिता आत्या. आत्या मेलबर्नला राहायची. नाशिकला जाऊन परत निघताना ती दहा दिवस दोह्यात भावाकडे उतरली होती, आणि परतल्यावर पाचव्या दिवशी तिची नागरिकत्वाची परीक्षा होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, पंधरा बरोबर आले तर पास. आत्याचे यजमान गुरुप्रसाद काका आणि त्यांचा मुलगा दोघेही कधीच पास होऊन मोकळे झाले होते. आत्याने याआधी तीनदा तारीख घेतली होती आणि तीनदा घाबरून सोडली होती.

“निवडणुकीच्या दिवशी ते दोघं रुबाबात मत द्यायला आत जातात,” आत्या कपात बघत म्हणाली, “आणि मी बाहेर शाळेच्या फाटकाशी, मतदारांसाठी लावलेल्या सॉसेजच्या टपरीवर, ब्रेडमध्ये नुसता कांदा घालून खात उभी. अकरा वर्षं झाली, मृणालिनी. कांदाच खातेय. पण आता चौथ्यांदा रद्द केली ना, की खलास. पुन्हा या वाटेला जायची नाही.”

“अहो, पण तुम्हाला सगळं येतंय की!” आई म्हणाली.

तेच तर रहस्य होतं. आत्याला सगळं येत होतं. मतदान अठराव्या वर्षापासून, तेही सक्तीचं, हे ती कणीक मळता मळता सांगायची. राष्ट्रीय फूल कुठलं विचारलं तर म्हणायची, “गोल्डन वॉटल. म्हणजे आपली बाभूळच की गं, फक्त व्हिसा मिळालेली.” पण लेखी परीक्षेत घोडं अडायचं. आसावरीने आठवडाभरात तिच्याकडून चार सराव पेपर सोडवून घेतले होते. आत्या एका वहीत प्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर एवढंच लिहायची, नाशिकच्या शाळेत घोटलेल्या त्या सुबक, गोलाकार वळणात. मग आसावरी लाल पेन घेऊन, उत्तरसूची उघडून, कठोर निःपक्षपातीपणे ते तपासायची. निकाल: तेरा, बारा, तेरा, चौदा. चारही वेळा आत्या नापास.

“आत्या,” आसावरी खुर्चीवरून उठून म्हणाली, कारण ऐतिहासिक वाक्यं बसून बोलायची नसतात, “संध्याकाळपर्यंत फोनला हात लावायचा नाही. तपास माझ्याकडे!”

“बाई गं,” आई पुटपुटली. “आता काही खरं नाही.”

अकरा वाजता शफा आली, तेव्हा आसावरीने चारही पेपरांचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला होता. आत्याचा पर्याय पहिला की दुसरा की तिसरा, असे ऐंशी आकडे.

“नीट बघ. काय दिसतं?”

“भिंतीचा रंग निघणार, आणि तुझी आई तुला काढणार.”

“शफा! ऐंशी उत्तरांत एकदाही तिसरा पर्याय नाही! फक्त एक आणि दोन, एक आणि दोन. जिथे जिथे बरोबर उत्तर तिसरं, तिथे तिथे आत्या चुकलीय. तिसरा पर्याय बेपत्ता आहे!”

शफाने तक्ता पाहिला. पहिल्यांदाच टोमणा न मारता तिने बोटाने ऐंशी आकडे मोजले. आसावरीला वाटलं, इतिहासात हा क्षण नोंदला जाईल.

“मग असं का होतं?” शफाने विचारलं.

“सोपं आहे. तीन तिगाडा, काम बिगाडा! आत्याला तिनाची भीती आहे. ती घरातली तिसरी मुलगी, तीनदा तारीख रद्द केली. यल्ला, चल, सिद्ध करून दाखवते.”

जेवताना आसावरीने आत्याच्या ताटात मोजून तीन पोळ्या वाढल्या. आत्याने लगेच एक उचलून परत डब्यात ठेवली.

“तीन वाढू नयेत गं कुणाला.”

“पुरावा!” आसावरी इतक्या जोरात ओरडली, की बाबांच्या हातातला आमटीचा वाडगा कलंडला. बाबा मेसईदच्या खत कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. आठवडाभर पहाटे कंपनीची बस गाठणाऱ्या माणसाला शुक्रवारच्या सुट्टीत शांतपणे आमटी प्यायचा हक्क असतो, असं त्यांचं मत होतं.

“अगं, तीन पोळ्या कुणीच वाढत नाही,” आई म्हणाली. “मी वाढते का कधी? मग मीही नापास का?”

आसावरीने वहीत लिहिलं: आईवरही संशय.

दुसरी उपपत्ती डोळ्यांची होती. पेपरात तिसरा पर्याय नेहमी सगळ्यात खाली असतो. आत्याचा चष्मा बायफोकल, वर एक काच, खाली दुसरी. म्हणजे खालची ओळ नेमकी दोन काचांच्या सांध्यात अडकते आणि आत्याला दिसतच नाही! शफा म्हणाली, असं असतं तर आत्या जिन्याच्या प्रत्येक तिसऱ्या पायरीवरून पडली असती. आसावरीने तिकडे दुर्लक्ष केलं आणि आत्याला फ्रिजसमोर उभं करून त्यावरची यादी वाचायला सांगितली.

“तिसरी ओळ, आत्या. मोठ्याने.”

आत्याने चष्मा सारखा केला. “मेथी दोन जुड्या... दही... आणि तिसरं, ‘आसावरीचा मोबाइल सहामाही होईपर्यंत काढून घेणे.’ हे कधी ठरलं गं, मृणालिनी?”

डोळे उत्तम होते. इतके उत्तम असायची गरज नव्हती.

“आता उरतो तो घातपात,” आसावरी खोलीत येऊन कुजबुजली. “घरातलंच कुणीतरी आत्याचं मन फिरवतंय. आत्या नागरिक झाली तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल. हे कुणाला सगळ्यात जास्त झोंबतंय?”

“तुझ्या बाबांना,” शफा म्हणाली. “पण त्यांनी फक्त तिसऱ्याच पर्यायावरून मन कसं फिरवलं? पहिला-दुसरा त्यांना चालतो?”

“ते सेफ्टीवाले आहेत. त्यांच्या पद्धती सूक्ष्म असतात.”

“आसावरी, साडेचार वाजलेत. तुझी आत्या फोन चार्जिंगला लावून त्याच्यासमोर बसलीय.”

हे ऐकून मात्र आसावरी उठली. दाराच्या फटीतून तिने पाहिलं. आत्या खरंच फोनसमोर बसली होती आणि चष्मा काढून पदराने पुसत होती. चष्मा कोरडा होता. डोळे नव्हते.

तेवढ्यात बेल वाजली. शफाची अम्मी, साजिदा चाची, वाफवलेल्या गोड सांदणांचा डबा घेऊन आली होती. दोह्याला येण्याआधी चाचीने दापोलीच्या शाळेत बारा वर्षं मराठी शिकवलं होतं, त्यामुळे कुठलीही उघडी वही दिसली की तिचा हात आपोआप पेन शोधायचा. टेबलावर आत्याची वही पडली होती, शेजारी उत्तरसूची. चाचीने डबा खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच बोट फिरवायला सुरुवात केली.

“हा पेपर कुणाचा गो?”

“नमिता आत्याचा,” आसावरी खिन्नपणे म्हणाली. “तेरा मिळाले.”

“तेरा? कुणी तपासला?”

“मी.”

“वीस आहेत की.”

आसावरीने वही स्वतःकडे ओढली.

“चाची, हे बघा,” आसावरीने समजुतीच्या सुरात सांगितलं, “तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सी आहे. आत्याने लिहिलंय ‘क’. क म्हणजे पहिला पर्याय. मग चूकच ना?”

“क पहिला कसा?”

“म्हणजे काय! शाळेत हिंदीच्या पेपरात असतो ना. क, ख, ग. क पहिला, ख दुसरा.”

“आणि ‘अ’ लिहिलंय ते?”

“तोही पहिला. ए. मला वाटलं आत्या कधी मराठीत लिहिते, कधी हिंदीत...” बोलता बोलता आसावरीचा आवाज बारीक होत गेला, कारण तिची धारदार बुद्धी तिला नेमकी आत्ता लागली होती.

चाचीने कपाळावर हात मारला. “अगो पोरी! मराठी शाळेत पर्याय अ, ब, क, ड असतात! अ ब क! क तिसरा! ह्या बाईने एवढं सरळ लिहिलंय, आणि तू तिला आठवडाभर रडवतेयस?”

शफा जमिनीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. “तिसरा पर्याय बेपत्ता नव्हताच! तूच त्याला पळवून पहिल्याच्या घरात डांबलास!”

आसावरीला पळून जावंसं वाटलं. दार जवळ होतं. पण गुप्तहेराने पळून गेलेल्याला पकडायचं असतं, आणि एकाच वेळी दोन्ही कामं करायला ती अजून तेवढी अनुभवी नव्हती. तिने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. आत्या फोन हातात धरूनच आली.

“गुन्हेगार,” आसावरी घसा साफ करून म्हणाली, “याच खोलीत आहे.”

“मान्य आहे,” बाबा एकदम उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. “मी ताईला म्हटलं होतं, पासपोर्ट परत देताना तुला रडू येईल. मी म्हणायला नको होतं.”

“बाबा, तुम्ही नाही! बसा! मी!” आसावरीने वही पुढे केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: अ, ब, क, हिंदीचा पेपर, लाल पेन, सगळं. “आत्या, चाचींनी पुन्हा तपासले. वीस, एकोणीस, वीस, वीस. नापास तू नव्हतीस. तपासनीस नापास झाली. सॉरी.”

आत्याने वही घेतली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. आसावरीने डोळे मिटून घेतले.

“एकोणीस?” आत्या म्हणाली. “एक कुठे गेला?”

“तो तुमचाच चुकलाय हो,” चाची म्हणाली. “झेंड्याचा.”

आणि आत्या हसली. असं हसली, की आई हसली, चाची हसली, आणि बाबा आधी हसले आणि मग नाक शिंकरायला उठले.

“रडणार तर आहेच मी, संजीव,” आत्या त्यांना म्हणाली. “पण पास होऊन रडेन.” तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. “आणि तू गं, तपासनीस बाई. आता लेखी बंद. रोज तोंडी विचारायचं, आणि उत्तर बरोबर आलं तरी ‘का’ ते विचारायचं. झेंड्यापासून सुरू कर. सांदणं खात खात.”

आठ दिवसांनी मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आत्याचा अर्धा चेहरा आणि अख्खं छत होतं.

“वीसपैकी वीस!”

सगळ्यांचा ओरडा शमल्यावर आसावरीने व्यावसायिक कुतूहलाने विचारलं, “आत्या, किती वेळ लागला?”

“काका आठ मिनिटांत आटपून आला होता. मला पस्तीस लागली.”

“का? अवघड होता पेपर?”

“छे! पण तिसरा पर्याय दाबायच्या आधी दरवेळी मागे वळून बघत होते, तू लाल पेन घेऊन उभी नाहीस ना!”